कराच्या ऐवजीं चित्र

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गास नागरिकशास्त्रांतील कराविषयींचा धडा शिकवीत असतां आमच्या तोंडून सहज एक वाक्य निघून गेलें. ब्रिटनमध्यें कांहीं प्रसंगीं सरकार कराच्या पैशांऐवजीं चित्रें, मूर्ती किंवा जुनीं हस्तलिखितें स्वीकारतें, असें आम्ही म्हणालों. तोंच मागल्या बांकावरील एक विद्यार्थी उभा राहिला आणि त्यानें विचारलें, "सर, चित्र देऊन पोलिसाचा पगार कसा द्यावयाचा?" सारा वर्ग हंसला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही हंसलों. परंतु तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलींत येऊन बसल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा मुळींच नव्हता. त्या विद्यार्थ्यास आम्हीं त्या दिवशीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. पूर्ण उत्तर वार्षिक अंकांत देऊं असें आम्हीं त्यास वचन दिलें होतें. तें आज पाळीत आहों. हा अंक घरोघरीं वडील मंडळीही वाचतात. कर भरणें हें तर त्यांचें नित्याचें काम. तेव्हां त्यांनाही हा विषय अगदींच परका वाटणार नाहीं अशी आशा आहे.

पैशांऐवजीं वस्तूच्या रूपानें सरकारदेणें फेडणें ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. जुन्या मराठी दप्तरांतून वसुलीचे दोन प्रकार आढळतात. एक नक्त, म्हणजे रोख नाण्यांत. आणि दुसरा ऐनजिनसी, म्हणजे धान्यादि वस्तूंच्या रूपांत. परंतु धान्य कोठारांत भरून पुढें शिपायांना व कारकुनांना वांटून देतां येतें. चित्राचे तुकडे करून तें कोणास वांटतां येत नाहीं. म्हणून आमच्या विद्यार्थ्याची शंका जागच्या जागीं राहते. ती फेडण्यासाठीं ही चाल मुळांत कां पडली हें प्रथम पाहिलें पाहिजे.

ब्रिटनमध्यें मनुष्य मरण पावला म्हणजे त्याच्या मागें राहिलेल्या संपत्तीवर सरकार कर घेतें. १८९४ सालीं सर विल्यम हारकोर्ट हे अर्थमंत्री असतां हा मृत्युकर व्यवस्थित स्वरूपांत सुरू झाला. त्या वेळीं दहा लाख पौंडांवरील मिळकतीस देखील शेंकडा ८ एवढाच कर होता. पुढें दोन महायुद्धें झालीं, राज्यकारभाराचा खर्च वाढला, गोरगरिबांच्या शाळा, दवाखाने व म्हातारपणचीं निवृत्तिवेतनें यांचा भार सरकारनें उचलला. आणि १९४९ सालीं मोठ्यांत मोठ्या मिळकतींवरील कराचा दर शेंकडा ८० वर जाऊन पोंचला.

आतां एखाद्या जुन्या इंग्रज उमरावाची स्थिति डोळ्यांपुढें आणा. त्याच्यापाशीं शेंदोनशें खोल्यांचा वाडा आहे, कित्येक गांवांची जमीन आहे, भिंतींवर पूर्वजांनीं जमविलेलीं चित्रें आहेत. परंतु रोख रक्कम बेताचीच आहे. असा मनुष्य वारला कीं त्याच्या मुलापुढें कराचा प्रचंड आंकडा येऊन उभा राहतो. तो भरावयाचा कशानें? घरांतील एखादें मोलाचें चित्र विकून. तें विकत घेण्यास परदेशांतील, विशेषतः अमेरिकेंतील, धनिक तयार असत. चित्र जहाजावर चढे, कर तिजोरींत पडे, आणि जें चित्र त्या देशांत तीन-चारशें वर्षें नांदलें तें कायमचें दुरावे. कर घेणें न्याय्य होतें यांत संशय नाहीं. परंतु तो घेतांना देशाचाच एक ठेवा देशाबाहेर लोटला जात होता हेंही खरें होतें.

यावर उपाय एकदम सुचला नाहीं. तो पायरीपायरीनें घडत गेला. पहिली पायरी १९१० सालची. लॉईड जॉर्ज यांच्या गाजलेल्या अंदाजपत्रकासंबंधींच्या कायद्यांत मृत्युकराबद्दल जमीन देतां येईल अशी तरतूद झाली. तिचा उपयोग मात्र बरींच वर्षें फारसा झाला नाहीं. दुसरी पायरी १९४६ सालची. त्या वर्षीं अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनीं दुसऱ्या महायुद्धांतून उरलेलें सामान विकून आलेल्या पैशांतून ५ कोटि पौंडांचा एक राष्ट्रीय भूमिनिधि निर्माण केला. युद्धांत ज्यांनीं प्राण दिले त्यांचें स्मारक दगडाचें न उभारतां, ज्या भूमीसाठीं ते लढले त्या भूमीचेच सुंदर भाग सर्वांसाठीं राखून ठेवावे, अशी त्यामागील कल्पना होती. सरकारनें करापोटीं जमीन किंवा वाडा घेतला म्हणजे करखात्यास जी तूट येई ती या निधींतून भरून निघे. म्हणजे पोलिसाच्या पगाराची सोय त्या काळीं अशी केलेली होती. पुढें १९५३ सालीं अशा वाड्यांतील सामानसुमान, आणि १९५६ सालीं कोठल्याही असामान्य दर्जाच्या कलाकृती करापोटीं स्वीकारण्याची मुभा मिळाली. आज जी पद्धति चालू आहे तिचा खरा पाया या शेवटच्या कायद्यानें घातला.

ही पद्धति प्रत्यक्षांत कशी चालली हें समजण्यास चॅट्सवर्थच्या घराण्याची हकीकत फार उपयोगी आहे. डर्बीशर परगण्यांत चॅट्सवर्थ नांवाचा एक भव्य वाडा आहे. तो डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचा. दहाव्या ड्यूकांचा वडील मुलगा १९४४ सालीं बेल्जममध्यें युद्धांत पडला. तेव्हां ड्यूकांनीं १९४६ सालीं आपली मिळकत धाकट्या मुलासाठीं वेगळी काढून दिली. कायदा असा होता कीं, मिळकत दिल्यानंतर देणारा पांच वर्षें जगला तर तिच्यावर मृत्युकर नाहीं. ड्यूक १९५० च्या नोव्हेंबरांत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, अकस्मात् वारले. पांच वर्षें पुरीं होण्यास अवघे कांहीं आठवडे उरले होते. तेवढ्या आठवड्यांनीं मिळकतीवर शेंकडा ८० प्रमाणें कर बसला. कराचा आंकडा सुमारें ७० लाख पौंड झाला.

नव्या ड्यूकांनीं पुष्कळशी जमीन विकली. शिवाय आपल्या संग्रहांतील निवडक वस्तू सरकारास करापोटीं दिल्या. त्यांत हान्स मेम्लिंग या चित्रकारानें सुमारें १४७८ सालीं रंगविलेलें तीन फळ्यांचें एक चित्र होतें. सर जॉन डन नांवाच्या सरदारानें तें काढवून घेतलें होतें. तो, त्याची पत्नी व लहान मुलगी हीं मातेच्या मांडीवरील बाळ येशूपुढें गुडघे टेकून बसलेलीं त्यांत दिसतात. हें चित्र १९५७ सालीं लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेकडे आलें. त्याच वर्षीं क्लोद लोरें या निसर्गचित्रकाराची वही ब्रिटिश म्युझियमकडे आली. आपल्या नांवावर कोणी खोटीं चित्रें विकूं नयेत म्हणून या चित्रकारानें आपल्या प्रत्येक चित्राची लहान नक्कल या वहींत काढून ठेवण्याचा परिपाठ ठेवला होता. अशीं सुमारें दोनशें रेखाटनें तींत आहेत. पुढील वर्षीं सायप्रस बेटांत १८३६ सालीं सांपडलेलें अपोलो देवाचें एक कांस्याचें ग्रीक मस्तक त्याच म्युझियमांत दाखल झालें. ड्यूकांचा दुसरा जुना वाडा, हार्डविक हॉल, हाही करापोटीं सरकारनें घेतला व १९५९ सालीं नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केला. चॅट्सवर्थचा वाडा मात्र घराण्याकडेच राहिला.

या हकीकतींतील एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. १९५७ पूर्वीं मेम्लिंगचें तें चित्र पाहावयाचें तर एका उमरावाच्या वाड्यांत जावें लागे. आज लंडनमधील कोणताही शाळकरी मुलगा एक पैसाही न देतां त्यासमोर उभा राहूं शकतो. कारण त्या चित्रशाळेंतील कायम संग्रह पाहण्यास प्रवेशमूल्य नाहीं. ड्यूकांचें देणें फिटलें, आणि त्या मुलाचें येणें वसूल झालें.

आतां याच्या उलट एक उदाहरण सांगतों. बकिंगहॅमशर परगण्यांत मेंटमोर नांवाचा एक वाडा आहे. रॉथ्सचाइल्ड या सावकार घराण्यांतील एका गृहस्थानें तो एकोणिसाव्या शतकांत बांधला व उत्तमोत्तम चित्रें, घड्याळें व सामानसुमान यांनीं भरून टाकला. पुढें विवाहसंबंधानें तो रोजबरीच्या अर्ल घराण्याकडे आला. १९७४ सालीं सहावे अर्ल वारले. त्यांच्या वारसानें, वाडा व त्यांतील सर्व संग्रह करापोटीं २० लाख पौंडांस घ्यावा, असें सरकारास कळविलें. सरकारनें बराच काळ विचार केला आणि अखेर नकार दिला. पूर्वीं सांगितलेल्या भूमिनिधीचीही १९५७ सालींच मोठी कपात होऊन त्यांत एक कोटि पौंडच ठेवले होते. १९७७ च्या मे महिन्यांत वाड्यांतील संग्रहाचा लिलांव झाला. त्याचे ६० लाख पौंडांवर आले, आणि ज्या वस्तू एका छपराखालीं होत्या त्या जगभर पांगल्या. एक चित्र तर दुसऱ्याच चित्रकाराचें समजून ८,००० पौंडांस विकलें गेलें. घेणाऱ्या जाणत्या गृहस्थानें तें फ्रागोनार या थोर फ्रेंच चित्रकाराचें असल्याचें ओळखलें होतें. आणि पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय चित्रशाळेस तेंच चित्र कितीतरी पटींनीं अधिक किंमत मोजून विकत घ्यावें लागलें. लोकांत मोठा असंतोष माजला. पार्लमेंटांत चौकशी झाली, आणि १९८० सालीं राष्ट्रीय वारसा स्मारकनिधि या नांवाचा नवा निधि स्थापन झाला. वेळेवर घेतली नाहीं म्हणजे तीच वस्तु महाग कशी पडते, याचा हा धडा होता.

असो. आजमितीस ही पद्धति कशी चालते तें आंकड्यांनीं सांगितल्यावांचून आमच्या विद्यार्थ्याचें समाधान व्हावयाचें नाहीं. सध्यां ब्रिटनमध्यें या कराला वारसाकर म्हणतात. ३,२५,००० पौंडांपर्यंतच्या मिळकतीस सामान्यतः तो माफ आहे. त्यावरील भागावर शेंकडा ४० प्रमाणें द्यावा लागतो. समजा, एखाद्या श्रीमंत गृहस्थाच्या मागें १,००,००० पौंड किंमतीचें एक चित्र राहिलें. वारसानें तें बाजारांत विकलें तर ४०,००० पौंड करांत जातील व त्याच्या हातीं ६०,००० राहतील. परंतु तेंच चित्र त्यानें सरकारास दिलें तर त्या चित्रावरील कर माफ होतो, आणि शिवाय इतर मिळकतीवरील करापैकीं ७०,००० पौंड फिटले असें धरण्यांत येतें. हे ७०,००० कसे आले? बाजारांत हातीं राहिले असते ते ६०,००० आणि त्यांत वाचलेल्या कराचा चौथा हिस्सा, म्हणजे १०,००० मिळवून. या जादा रकमेस फ्रेंच भाषेंतून घेतलेलें एक नांव आहे. त्याचा अर्थ 'गोडवा' असा होतो. वारसानें बाजाराची वाट न धरतां सरकारच्या दाराशीं यावें म्हणून त्याच्या हातावर ठेविलेली ही खडीसाखर होय.

येथवर वारसाचा हिशेब झाला. आतां सरकारचा पाहूं. चित्रावरील ४०,००० पौंडांचा कर सरकारनें सोडला आणि इतर करांपैकीं ७०,००० सोडले. एकूण १,१०,००० पौंड तिजोरींत यावयाचे ते आले नाहींत, आणि त्याबद्दल १,००,००० पौंडांचें चित्र मिळालें. तेव्हां कोणी असें म्हणूं लागला कीं या युक्तीनें सरकारला चित्र फुकट मिळतें, तर त्यावर विश्वास ठेवूं नका. चित्र फुकट मिळत नाहीं. बाजारभावाहून दहा हजार अधिक पडतात. आमच्या विद्यार्थ्याचा पोलिस, शाळामास्तर व दवाखान्यांतील परिचारिका यांच्या पगारांतून न दिसतां हे पैसे गेलेले असतात. म्हणूनच या सवलतीस मर्यादा घातलेली आहे. ही योजना, आणि जिवंतपणींच कलाकृति राष्ट्रास देणारांसाठीं पुढें निघालेली दुसरी योजना, या दोहोंत मिळून वर्षास ४ कोटि पौंडांहून अधिक कर सोडावयाचा नाहीं असा निर्बंध आहे. संपूर्ण देशाच्या उत्पन्नाच्या मानानें ही रक्कम लहान आहे. परंतु लहान असली तरी ती सर्वांची आहे.

ज्या अर्थीं ती सर्वांची आहे, त्या अर्थीं वस्तु पारखून घेणें भाग आहे. घरांतली अडगळ उचलून करखात्याच्या दारीं नेऊन टाकावी अशी ही सोय नाहीं. वस्तु कलेच्या, इतिहासाच्या किंवा शास्त्राच्या दृष्टीनें असामान्य दर्जाची असली पाहिजे, किंवा राष्ट्राच्या दृष्टीनें महत्त्वाच्या एखाद्या इमारतीशीं तिचा निकट संबंध असला पाहिजे. हें ठरविण्यासाठीं त्या त्या विषयांतील जाणत्यांचें एक मंडळ असतें. वस्तु अस्सल आहे काय, तिची स्थिति कशी आहे, मागितलेली किंमत रास्त आहे काय, पूर्वीं ती कोणाकोणाच्या हातीं होती, हें सर्व तें मंडळ तपासतें. विशेषतः १९३३ ते १९४५ या काळांत, जर्मनीतील नाझी सत्तेनें यहुदी लोकांची संपत्ति लुबाडली तेव्हां, ती वस्तु कोठें होती हें कसोशीनें पाहतात. कारण लुटीच्या मालानें कर फेडणें म्हणजे एका अन्यायावर सरकारी शिक्का मारणें होय. किंमतीच्या बाबतींत एक गोष्ट आम्हांस फार आवडली. मंडळ केवळ फुगवलेली किंमत कमी करतें असें नाहीं. वारसानें अजाणतां कमी किंमत मागितली असेल तर ती वाढवून देण्याचीही शिफारस करतें. सरकार व प्रजा यांच्या व्यवहारांत एवढा सरळपणा दिसावा हें थोडें नव्हे.

स्वीकारलेली वस्तु कोठल्या संग्रहालयास द्यावी हेंही ठरवावें लागतें. देणारास आपली इच्छा सांगतां येते. कधीं कधीं वस्तु ज्या वाड्यांतली, त्याच वाड्यांत ती ठेवितात. परंतु तेथें लोकांना येऊन ती पाहतां आली पाहिजे अशी अट असते. आणि वस्तूची किंमत देण्यापेक्षां अधिक असली, तर तेवढा फरक घेणाऱ्या संग्रहालयास पदरचा घालावा लागतो.

अलीकडील एक उदाहरण मनास चटका लावणारें आहे. लूशियन फ्रॉइड हा चित्रकार बर्लिन शहरीं जन्मला. यहुदी कुळांतला असल्यामुळें १९३३ सालीं लहानपणींच त्यास घरच्यांबरोबर जर्मनी सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. २०११ सालीं तो वारला तेव्हां त्याच्या संग्रहांत कोरो या फ्रेंच चित्रकाराचें एका इटालियन स्त्रीचें चित्र होतें. आपल्या कुटुंबास ज्या देशानें आसरा दिला त्याच्या उपकाराची आठवण म्हणून तें चित्र राष्ट्रास मिळावें, अशी त्याची इच्छा होती. आणि याच पद्धतीनें तें राष्ट्रीय चित्रशाळेंत गेलें. त्याच्याच संग्रहांत फ्रँक आउअरबाख या त्याच्या मित्राचीं चाळीस चित्रें व रेखाटनें होतीं. हा मित्रही बर्लिनचाच. १९३९ सालीं, आठ वर्षांचा होण्यापूर्वींच, त्यास एकट्याला इंग्लंडला धाडण्यांत आलें, आणि मागें राहिलेले त्याचे आईबाप छळछावणींत मारले गेले. २०१४ सालीं ह्या चाळीस कृती सुमारें १ कोटि ६० लाख पौंडांच्या करापोटीं स्वीकारल्या गेल्या व देशांतील निरनिराळ्या गांवच्या संग्रहालयांस वांटून दिल्या गेल्या. ज्यांना एके काळीं आसरा मागावा लागला त्यांच्या हातच्या व संग्रहींच्या वस्तू आज त्या देशाच्या भिंतींवर आहेत.

ब्रिटनबाहेर दोन देशांचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. फ्रान्समध्यें आंद्रे मालरो हे सांस्कृतिक खात्याचे मंत्री असतां ३१ डिसेंबर १९६८ रोजीं असाच कायदा झाला. त्याची मोठी परीक्षा लवकरच आली. जगद्विख्यात चित्रकार पिकासो १९७३ सालीं मृत्युपत्र न करितां वारला. स्वतःच्या कृती तो आयुष्यभर जवळ सांठवून ठेवीत आला होता. वारसांचे वांटे ठरेपर्यंत सहा वर्षें गेलीं. शेवटीं १९७९ सालीं करापोटीं सरकारास २०३ चित्रें, १५८ शिल्पें व सुमारें दीड हजार रेखाटनें मिळालीं. आणि वारसांनीं घेण्यापूर्वीं निवड करण्याचा मान सरकारास मिळाला. ती ठेवण्यासाठीं पॅरिसमधील एक जुना वाडा दुरुस्त करून १९८५ सालीं तेथें संग्रहालय उघडण्यांत आलें. या वाड्याचा इतिहास मौजेचा आहे. सतराव्या शतकांत मिठावरील कर वसूल करणाऱ्या एका धनिकानें तो बांधला. म्हणून लोक त्यास थट्टेनें 'खारट वाडा' म्हणूं लागले, व तेंच नांव कायम झालें. मिठावरील कर म्हणजे काय हें आमच्या देशास कोणी सांगावयास नको. गरिबाच्या भाकरींतून उकळलेल्या पैशांवर जो वाडा उभा राहिला, त्यांतच आज कराच्या रूपानें आलेलीं चित्रें सर्वांसाठीं मांडलेलीं आहेत.

दुसरा देश मेक्सिको. तेथें १९५७ सालापासून जिवंत चित्रकार व मूर्तिकार आपला प्राप्तिकर स्वतःच्या कलाकृतींनीं भरूं शकतात. वर्षांत किती कृती विकल्या यावरून किती द्यावयाच्या हें ठरतें. पांचांपर्यंत विकल्या तर एक, आणि कितीही विकल्या तरी अधिकांत अधिक सहा. त्या कृती पुढें मध्यवर्ती सरकार, प्रांत व नगरें यांच्यांत वांटल्या जातात. येथें वारसाचा प्रश्नच नाहीं. जो राबतो तोच आपल्या श्रमाचें फळ ऐनजिनसी भरतो.

आतां या पद्धतीवरील आक्षेपांकडे वळूं. विचारी पालकांच्या मनांत एक आक्षेप आतांपर्यंत आलाच असेल. गरिबानें कर द्यावयाचा तो रोख, आणि श्रीमंतानें द्यावयाचा तो चित्र देऊन व वर खडीसाखर घेऊन, हा कोठला न्याय? हा आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावणें आम्हांस शक्य नाहीं. ज्याच्या घरीं मोलाचें चित्र आहे त्यालाच ही सवलत मिळते. शिवाय चाळीस लाखांच्या चित्राची किंमत ठरविणें म्हणजे तांदुळाचा भाव ठरविणें नव्हे. त्यांत जाणत्यांचीही चूक होते. चॅट्सवर्थहूनच एका म्हाताऱ्याचें चित्र रेम्ब्रांटचें म्हणून १९५७ सालीं राष्ट्रीय चित्रशाळेनें घेतलें. पुढें पुष्कळ वर्षें तज्ञांस तें त्याचें वाटेना. आणि २०१४ सालीं रेम्ब्रांटचे एक नामांकित अभ्यासक पुन्हां म्हणूं लागले कीं तें त्याचेंच आहे.

तरीही आमचें मत या पद्धतीच्या बाजूनें पडतें, परंतु एका अटीवर. वर केलेल्या हिशेबावरून स्पष्ट होईल कीं, करापोटीं घेतलेल्या प्रत्येक चित्राची किंमत सर्व प्रजेनें मिळून मोजलेली असते. ज्यानें आयुष्यांत एकही चित्र पाहिलें नाहीं त्या मजुरानेंही आपला वांटा भरलेला असतो. तेव्हां तें चित्र त्याचेंही झालें. त्यास तें पाहतां आलें तर सौदा न्यायाचा. न आलें तर श्रीमंतास मिळालेल्या सवलतीवर केवळ कलेचें पांघरूण घातलें असें होईल. चित्र तळघरांतल्या पेटींत पडून राहिलें, किंवा वाड्याचें दार वर्षांतून चारच दिवस उघडलें, तर पोलिसाचा पगार खरोखरीच वायां गेला. या पद्धतीचें बरेंवाईटपण म्हणून कायद्याच्या पुस्तकांत शोधूं नये. संग्रहालयाच्या दाराशीं जाऊन तें उघडें आहे कीं नाहीं एवढें पाहावें.

आपल्या देशांतही १९५३ सालीं मृत्युकराचा कायदा झाला होता. १९८५ सालीं तो कर बंद झाला. आणि वारसाच्या करापोटीं चित्रें घेण्याची ब्रिटनसारखी पद्धति येथें नाहीं. परंतु सार्वजनिक ठेवा निर्माण होण्यास करच लागतो असें नाहीं. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं सारें आयुष्य वेंचून गांवोगांवचे दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्यें अशा घरगुती वस्तू जमविल्या, आणि लहानपणीं वारलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नांवानें तो संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारास देऊन टाकला. त्यांच्यावर कराचें कोणतेंही देणें नव्हतें. पुण्यास गेलेल्या विद्यार्थ्यांनीं तें संग्रहालय अवश्य पाहावें, आणि पाहतांना तिथल्या एखाद्या अडकित्त्यासमोर क्षणभर थांबून, हा येथें नसता तर आज कोठें असता, याचा विचार करावा. बहुधा मोडींत गेला असता.

आमच्या विद्यार्थ्यास आतां उत्तर देतों. बाळा, चित्र देऊन पोलिसाचा पगार देतां येत नाहीं. तो पगार दुसऱ्या लोकांनीं भरलेल्या करांतून, तुझ्या वडिलांसारख्यांच्या खिशांतून, द्यावा लागतो. त्या लोकांनीं पोलिसाबरोबर एक चित्रही विकत घेतलेलें असतें, आणि पुष्कळदां त्यांना त्याची वार्ताही नसते. तूं मोठा होऊन परदेशीं गेलास आणि तेथल्या एखाद्या संग्रहालयांत चित्राखालच्या पाटीवर 'कराच्या ऐवजीं स्वीकारलें' अशा अर्थाचे शब्द तुझ्या दृष्टीस पडले, तर आजूबाजूच्या गर्दींत त्या देशचीं साधीं माणसें किती आहेत तें मोज, आणि आम्हांस पत्रानें कळव.